न उचललेली पेन्सिल

ज्या गृहस्थाच्या सदऱ्याची कडक घडी पाहून गल्लीतल्या पोरांनी आपापले शर्ट नीट खोचून घ्यावेत, त्याच गृहस्थाने आयुष्याची अखेरची वर्षे चुरगळलेल्या कपड्यांत काढली. लोकांनी आपापल्या परीने त्याची कारणे लावली. कोणी म्हणाले, वय झाले. कोणी म्हणाले, नोकरी सुटली की माणूस सैल पडतोच. समोरच्या जिन्यावरच्या एका बाईंनी तर "काकूंनी हात टेकले असणार" असा निकालच देऊन टाकला. खरे कारण यांपैकी एकही नव्हते. ते त्यांनी मला एका संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसून सांगितले आणि वर म्हणाले, "लिहायचं असेल तर लिहा. फक्त मला बरा करून लिहू नका."

ती अट पाळण्याचा हा प्रयत्न आहे.

त्यांना सारे 'स्पष्टसर' म्हणत. रस्त्यापलीकडच्या खाजगी शाळेत ते भाषा आणि वक्तृत्व शिकवीत. एखादा विद्यार्थी पुटपुटू लागला की वर्गाच्या दुसऱ्या टोकाकडून त्यांचा आवाज येई, "स्पष्ट! स्पष्ट बोल! तोंडात गोटी धरली आहेस का?" मुले त्यांची नक्कल करीत, त्यांना घाबरत, आणि मोठी झाल्यावर आपल्या मुलांना त्यांच्याच शब्दांत दटावीत. वाणी आणि वस्त्र ही दोन्ही धुऊन, घडी करून मगच चारचौघांत आणावीत, असे ते म्हणत आणि तसे वागत. विजारीची धार अशी, की बसताना ते गुडघ्याशी कापड चिमटीत धरून किंचित वर उचलीत. त्यांच्या विद्वत्तेला लोक मान देत. परंतु त्यांच्या नीटनेटकेपणाविषयी लोकांच्या मनात जी भावना होती, तिला श्रद्धा हाच शब्द योग्य ठरेल.

या नीटनेटकेपणामागे एक दुसरा माणूस होता. सरांच्या इमारतीच्या जिन्याखाली एका इस्त्रीवाल्याचे टेबल असे. टेबलावर जुन्या घोंगडीची जाड गादी, तिच्यावर जागोजागी तपकिरी डाग, बाजूला पाणी शिंपडायचे डबडे, आणि मागे भिंतीला टेकून गिऱ्हाइकांची गाठोडी. त्याची धाकटी मुलगी टेबलाखाली पोते अंथरून बसे. ती रांगू लागली तेव्हापासून बापाने तिला एकच गोष्ट शिकवली होती: हे सगळे दुसऱ्याचे आहे, याला हात लावायचा नाही. एखादा रुमाल घसरून तिच्या अंगावर पडला तरी ती दोन्ही हात पाठीमागे नेऊन, जणू कोणी बांधून ठेवले आहेत अशी, स्तब्ध बसून राही. मग बाप वाकून तो उचली. जाता-येता सरांना ते दृश्य मोठे मनोहर वाटे. "अरे, ही तर योगिनी आहे तुझी!" असे ते म्हणत, आणि इस्त्रीवाला ओशाळून हसे.

निवृत्तीनंतर सरांच्या हाती रिकामा दिवस आला. ज्याने आयुष्यभर घंटेवर श्वास घेतला, त्याला घंटेवाचून सकाळ कशी सुरू करावी तेच कळत नाही. अशात खालच्या मजल्यावरचे एक जोडपे आपल्या पोराला घेऊन वर आले. प्रवेशाचे दिवस होते. त्या शाळेत बालवर्गाच्या प्रवेशासाठी मुलाची आणि आईबापांची भेट घेतली जाई. भेट म्हणायचे, पण तिची धास्ती परीक्षेहून मोठी.

त्या दिवसांतले शाळेचे फाटक ज्याने पाहिले नाही, त्याला ही धास्ती कळायची नाही. पदपथावर ओल्या केसांचे भांग पाडलेली चिमुरडी, त्यांच्यापुढे उकिडव्या बसून "हा रंग कोणता? आणि हा? अरे, सकाळी सांगितलं होतंस ना!" म्हणणाऱ्या आया, आणि आत प्रतीक्षागृहात, बालवर्गाच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेले धिप्पाड बाप. मोठमोठ्या कचेऱ्यांत ज्यांच्या पुढे माणसे उभी राहात, ते तिथे शिपायालाही "साहेब" म्हणत.

सरांनी त्या जोडप्याची तयारी करून घेतली. मुलाने दारातून कसे यावे, बापाने आईला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर स्वतः का देऊ नये, मूल बोलत असताना दोघांनी एकमेकांकडे न पाहता त्याच्याकडेच कसे पाहावे. मुलाला प्रवेश मिळाला. पेढीवरून वाण्याकडे, वाण्याकडून दंतवैद्याकडे, असे करीत ती वार्ता साऱ्या परिसरात पसरली, आणि पुढच्या हंगामात सरांच्या जिन्यावर चपलांचा ढीग पडू लागला. पहिल्या वर्षी त्यांनी काही घेतले नाही. दुसऱ्या वर्षी लोक देऊ लागले तेव्हा "कशाला, कशाला" म्हणत घेतले. तिसऱ्या वर्षी "कशाला" म्हणणे राहून गेले.

पुढच्या खोलीत त्यांनी शाळेचे कार्यालयच उभे केले. जेवणाचे टेबल मुख्याध्यापिकांचे, जुना पडदा हे दार, आणि मुख्याध्यापिका म्हणजे सरांच्या पत्नी, काकू, नाकावर विनाकारण चष्मा लावून बसलेल्या.

"तू जरा कडक हो," सर सांगत. "मोठ्या बाई अशा हसत नाहीत."

"मग त्यांनाच बोलवा की. मी आपली भाजी निवडायला मोकळी."

"अगं, हे गंभीर काम आहे."

"गंभीर! सकाळपासून 'बाळ, तुझं नाव काय' विचारतेय मी. काल रात्री तुम्हालाच विचारणार होते."

समोरचे आईबाप हसत, सरही हसत. एका बापाला मुलाचे प्रत्येक उत्तर स्वतःच देण्याची खोड होती. सरांनी त्याला शेवटी विचारले, "साहेब, प्रवेश नक्की कोणाला हवाय? तुम्हाला की मुलाला?" तो म्हणाला, "दोघांनाही चालेल, सर. माझं शिक्षण अर्धवटच राहिलंय."

शाळेच्या मोठ्या बाई म्हणजे सरांचीच एके काळची विद्यार्थिनी. अबोल, मागच्या बाकावरची मुलगी पुढे शाळेची उत्तम वक्ती झाली, तिथेच शिक्षिका झाली आणि सर निवृत्त होण्याच्या सुमारास मुख्याध्यापिका झाली. सरांना तिचा अभिमान होता. तिच्याच खोलीत काय घडते याचा आपण वेध घेतो आहोत, यात त्यांना काही वावगे वाटले नाही. आपली शिष्या काय विचार करील हे गुरूला कळणारच, असे ते हौसेने म्हणत.

भेटीहून परतलेल्या प्रत्येक मुलाला ते जवळ बसवून गोडीगुलाबीने विचारीत: बाई काय म्हणाल्या? मग तू काय केलेस? मुले सांगत: चित्र दाखवलं, ठोकळे दिले, गाणं म्हणायला लावलं. मग एक मूल म्हणाले, "बाईंची पेन्सिल पडली." काही दिवसांनी दुसरे म्हणाले, "बाईंची पेन्सिल पडली." तिसऱ्याने तेच सांगितले तेव्हा सर खुर्चीत ताठ बसले. बाई पेन्सिल मुद्दाम पाडतात! जे मूल न सांगता ती उचलून देते, त्याच्याकडे त्यांचा कल झुकतो. केवढी साधी, केवढी सूक्ष्म कसोटी! त्यांनी मनोमन शिष्येला दाद दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून काकूंच्या टेबलावरून पेन्सिल पडू लागली.

"पडली की लगेच झेप घ्यायची नाही," ते मुलांना शिकवीत. "आधी तिच्याकडे बघायचं. मग बाईंकडे बघायचं. मग उचलायची, आणि दोन्ही हातांनी द्यायची. हसून. शाब्बास!"

विनय हा गुण असा तालमीत बसवला जातो आहे, सहजता अशी पाठ करून घेतली जाते आहे, हे त्या सुबुद्ध माणसाच्या ध्यानात कसे आले नाही, याचे मला कोडे पडते. मी तसे त्यांना विचारलेही. ते म्हणाले, "आलं होतं ध्यानात. पण समोर रांग होती."

त्याच वर्षी शाळेने काही जागा हातावर पोट असलेल्या घरांतल्या मुलांसाठी राखून ठेवल्या. इस्त्रीवाल्याने मुलीसाठी अर्ज केला. भेटीच्या आदल्या सकाळी सर खाली उतरले तेव्हा त्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि ओला हात पुसत विचारले, "सर, उद्या पोरीला बोलावलंय शाळेत. काय विचारतात हो तिथं?"

सरांना पेन्सिल आठवली. ती त्यांच्या अगदी ओठांवर आली. पण वर दोन कुटुंबे खोळंबली होती. त्या कुटुंबांनी ज्यासाठी मोल मोजले, तेच जिन्याखाली उभ्या उभ्या फुकट सांगावे हे त्यांना, त्यांच्याच शब्दांत, "व्यवहाराला धरून" वाटेना. ते म्हणाले, "काही नाही रे. नाव विचारतात, गाव विचारतात. तुझी पोर हुशार आहे, होईल सगळं."

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालंच," इस्त्रीवाला म्हणाला, आणि त्याने त्या दिवशी सरांच्या सदऱ्याच्या कॉलरवरून इस्त्री दोनदा फिरवली.

मुलीला प्रवेश मिळाला नाही. इस्त्रीवाल्याने तिला लांबच्या, बसने जावे लागणाऱ्या शाळेत घातले. सर हळहळले. "पुढच्या वेळी बघू," असेही म्हणाले. कोणत्या पुढच्या वेळी, ते त्यांनाही ठाऊक नव्हते.

पुढचा हंगाम आला तो त्यांच्या स्वतःच्या घरात. सरांची लेक पतीच्या मृत्यूनंतर लहानग्या मुलीला घेऊन माहेरी आली होती. ती रुग्णालयात परिचारिका. कामाच्या वेळा अशा, की शाळा रस्त्यापलीकडे असली तरच पोरीचे आणि तिचे निभावणार होते. शिवाय ती स्वतः त्याच शाळेत वाढली होती. नातीला तिथेच प्रवेश मिळायला हवा, हा त्या घराचा ध्यास झाला. सरांनी नातीची तयारी अशी करून घेतली, जशी कोणाचीच घेतली नव्हती. सकाळी दूध पिताना पेन्सिल पडे, दुपारी झोपेतून उठताना पडे. नात म्हणजे अखंड बडबड. तिला तो खेळच वाटे. काकू एकदा म्हणाल्या, "अहो, पुरे आता. परवा पाहुण्यांच्या खिशातलं पेन पडलं, तर ही त्यांच्याकडे टक लावून बघतच राहिली. घाबरले ना ते!"

भेटीच्या दिवशी लेक आणि नात आत गेल्या. सर बाहेर, लांब ओसरीतल्या बाकावर बसले. धुतलेली फरशी, खिडकीतून दिसणारे मैदान, वर्गांतून येणारा पाढ्यांचा एकसुरी घोष. आयुष्य ज्या ओसरीत गेले, तिथे आज ते पालक म्हणून बसले होते. जुना शिपाई भेटला, "सर, तुम्ही इथं बाहेर?" म्हणाला. "आज मी आजोबा आहे," असे सर हसून उत्तरले.

आत काय झाले, ते लेकीने नंतर सांगितले. नातीने नाव सांगितले, गाणे म्हटले, ठोकळे रचले. मोठ्या बाई खूष दिसत होत्या. इतक्या खूष, की त्या दिवशी त्यांना काही पाडण्याची गरजच वाटली नसावी. त्यांनी समोरचे कागद आवरायला घेतले. नात मात्र खुर्चीत चुळबुळत होती. तिचे डोळे टेबलावरच्या पेन्सिलीवर खिळले होते. शेवटी तिला राहवेना.

"बाई," तिने विचारले, "पेन्सिल कधी पाडणार?"

मोठ्या बाई आधी हसल्या. मग त्यांचे हसू थांबले.

"पेन्सिल पाडतात, हे तुला कोणी सांगितलं ग?"

"आजोबांनी. ते रोज पाडतात. सगळ्यांसाठी पाडतात. आजी बाई होते, आणि मग आम्ही उचलतो. मला सगळ्यांत छान येतं. दाखवू?"

लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. मोठ्या बाईंनी तिला काही विचारले नाही. त्यांनी घंटी वाजवली आणि शिपायाला सांगितले, "बाहेर सर बसले असतील. त्यांना म्हणावं, जरा आत येता का."

सर आत आले, आणि मोठ्या बाई खुर्ची मागे सारून उठून उभ्या राहिल्या, वर्गात शिक्षक आल्यावर मुले उभी राहतात तशा, हात बाजूला सोडून. सर मला म्हणाले, त्या बसल्या असत्या, रागावल्या असत्या, तर मी काहीतरी बोललो असतो.

लेक मुलीला घेऊन बाहेर गेली.

"बसा ना, बाई," सर कसेबसे म्हणाले.

"मला 'तू' म्हणा, सर. तुम्ही मला नेहमी 'तू' म्हणत आलात."

सरांच्या तोंडून 'तू' निघेना; ते बसले, तेव्हा त्याही बसल्या.

"सर, तुम्हाला तो खडू आठवतो ना?" बाईंनी विचारले.

"कोणता खडू?"

"मी मागच्या बाकावर बसायचे. बोलायचेच नाही कोणाशी. तुम्ही फळ्यावर लिहीत होतात आणि तुमच्या हातून खडू पडला. घरंगळत माझ्या बाकाशी आला. मी उचलून आणून दिला. तुम्ही सगळ्या वर्गाला म्हणालात, 'हिला पडलेला खडू दिसला. हिला समोरची माणसंही दिसतील. उद्यापासून ही बोलायला उभी राहील.' मी त्या रात्री झोपले नाही, सर. दुसऱ्या दिवशी उभी राहिले. आज इथं आहे ती त्या खडूमुळे. मला नेहमी वाटायचं, तुम्ही तो मुद्दाम पाडला होता. मला बोलतं करायला. म्हणून या खुर्चीवर आले तेव्हा मी ठरवलं, आपणही पाडायचं. कोणाला सांगितलं नाही. तुमचं आहे म्हणून जपून ठेवलं."

आपलाच दिवा कोणी जन्मभर जपावा, आणि आपण मात्र त्याचे तेल वाटीवाटीने विकावे, असा तो प्रकार होता.

"मुद्दाम पाडला होतात ना, सर?"

'होय' म्हणण्याचा मोह त्यांना झाला. निदान तेवढे तरी तिच्यापाशी राहिले असते. पण त्या खोलीत आणखी एक असत्य बोलण्याचे बळ त्यांच्यात नव्हते.

"मला आठवत नाही," ते म्हणाले. "पडला असेल. मला... मला तो दिवसच आठवत नाही."

बाईंनी टेबलावरची पेन्सिल उचलून खणात ठेवली आणि खण हळूच लावला.

"गेलं वर्षभर बालवर्गाच्या शिक्षिका हसत सांगायच्या," त्या म्हणाल्या, "वर्गात काही पडलं की चार डोकी एकमेकांवर आपटतात. मला किती बरं वाटायचं. मग एकदा मी मागच्या दारातून गेले. शिक्षिका बाहेर होत्या. सगळी जमीन पेन्सिलींनी भरलेली, सर. एकही मूल वाकत नव्हतं. तेव्हा मला कळलं नाही. आज कळलं." त्या थांबल्या. "ज्या मुलांनी उचलली त्यांचं जाऊ द्या. ज्यांनी उचलली नाही, त्यांना मी परत पाठवलं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं."

सरांच्या डोळ्यांपुढे टेबलाखालचे पोते आले. पोत्यावरची ती पोर आली, दोन्ही हात पाठीमागे धरलेली. जमिनीवरून पेन्सिल घरंगळत आली असेल, आणि ती तशीच बसून राहिली असेल. त्यांनी तोंड उघडले. जन्मभर ज्याने इतरांना 'स्पष्ट बोल' म्हणून बजावले, त्याच्या घशातून शब्द फुटला नाही. आत्ता त्या पोरीचे नाव काढावे तर 'तुम्हाला ठाऊक होते, मग तिच्या बापाला का नाही सांगितलेत?' हा प्रश्न येणार. आणि आपल्या नातीचा प्रवेश अजून या टेबलावर लोंबकळतो आहे. हा दुसरा विचारही त्यांच्या मनात आला. तो आला होता, हे लिहायला ते मला विसरू देईनात.

"नातीची काळजी करू नका," बाई म्हणाल्या. "तिला मी घेतेय. तुमची नात म्हणून नाही. गेल्या दोन हंगामांत या खुर्चीत बसून मनातलं बोललेलं ते पहिलं मूल आहे."

सरांनी मान हलवली आणि उठले. बाई पुन्हा उभ्या राहिल्या.

फाटकातून बाहेर पडताना नातीने त्यांचे बोट ओढले. "आजोबा, माझं चुकलं का?"

"नाही ग."

"मग बाईंनी पाडलीच नाही ती!"

त्या संध्याकाळी सरांनी पुढच्या खोलीतला पडदा काढला. दुसऱ्या दिवशी आलेल्या आईबापांना "आता हे बंद" एवढेच सांगितले. काही चिडले, काहींनी दुप्पट देऊ केले, एक जण जिना उतरता उतरता "नातीचं काम झालं वाटतं" असे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. सरांना ते अन्यायाचे वाटले नाही.

पुढच्या सकाळी ते कपड्यांचे गाठोडे घेऊन खाली गेले. इस्त्रीवाल्याची मुलगी शाळेचा गणवेश घालून टेबलाखालून बाहेर पडत होती. बसची वेळ झाली होती. बापाने एक धुवट चादर टेबलावर झटकली, तिचे टोक मुलीच्या अंगावरून गेले, आणि मुलीचे हात आपोआप पाठीमागे गेले. सर जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून परत फिरले.

तेव्हापासून त्यांचे कपडे इस्त्रीला गेले नाहीत. काकू म्हणाल्या, "मी करते घरी." ते "नको" म्हणाले. "अहो, लोक मला नावं ठेवतात!" "ठेवू देत." दोरीवरून काढलेला सदरा ते तसाच अंगात घालीत. त्याला प्रायश्चित्त म्हणावे, तर प्रायश्चित्ताने माणूस हलका होतो. हे तसे नव्हते. त्या माणसापुढे गाठोडे घेऊन उभे राहण्याचे त्यांना धैर्य नव्हते, इतकेच.

नात शाळेत रुळली. दप्तराच्या खणांतून डबा, तुटके खडू, मैत्रिणीने दिलेली रिबिन असे रोज नवे धन निघे. एकदा जेवताना ती सांगू लागली, "आजोबा, आमच्या वर्गात गंमत आहे. जो आधी उचलतो त्याला बाई 'गुणी' म्हणतात. म्हणून आम्ही जोड्या लावल्यात. आज मी पाडायची, तिनं उचलायची. उद्या ती पाडणार, मी उचलणार."

"आणि कोणाची खरंच पडली तर?" सरांनी विचारले.

नातीने क्षणभर विचार केला. "मग ती कोणाच्या पाळीत धरायची, यावरून भांडण होतं."

सर ताटावरून उठले.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी दारावर टकटक झाली. इस्त्रीवाला होता. हातात सरांचा एक सदरा, कधीकाळच्या गाठोड्यात मागे राहिलेला. पांढराशुभ्र, कागदासारखा घडी केलेला.

"हा राहिला होता, सर." मग तो उंबऱ्यावरच घुटमळला. "सर, माझं काही चुकलं का? कुठे डाग पडला, जळलं? सांगा तरी. लोक विचारतात, सर तुझ्याकडे का देत नाहीत. मला खाली मान घालावी लागते."

खाली मान! सर म्हणाले, त्याच्या तोंडून ते ऐकले आणि मी त्याला आत ओढून खुर्ची पुढे केली. तो बसला नाही; खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. सरांनी त्याला सगळे सांगितले. पेन्सिल, तालीम, वर खोळंबलेली कुटुंबे, जिन्याखालचे ते "काही नाही रे", आणि मोठ्या बाईंपुढचे आपले मौन. कुठेही आवाज खाली जाऊ दिला नाही.

इस्त्रीवाल्याने सगळे ऐकून घेतले. त्याच्या कपाळावर आठी पडली, पण ती रागाची नव्हती. काहीतरी नीट न कळल्याची होती.

"म्हणजे ती पेन्सिल उचलायची होती?"

"हो."

"पण सर, ती पेन्सिल बाईंची होती ना?"

"हो."

"मग?"



"घरी येऊन सांगितलं होतं तिनं," इस्त्रीवाला हळूहळू म्हणाला. "म्हणाली, बाबा, बाईंची पेन्सिल माझ्या पायाशी आली, मी हात मागे धरले. मी शाब्बास म्हटलं तिला. शाळेत दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला नाहीस, शाब्बास."

त्याने सदरा खुर्चीच्या पाठीवर ठेवला, पडू नये म्हणून तळव्याने एकदा दाबला आणि जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी सर, तशाच चुरगळलेल्या सदऱ्यात, मोठ्या बाईंकडे गेले. जे त्या दिवशी सांगायचे राहिले होते ते त्यांनी स्वतःचे नाव न वगळता सांगितले. बाईंनी ऐकले. त्या एक शब्दही लागेल असा बोलल्या नाहीत, म्हणून तर ते सरांना अधिक लागले. वरच्या वर्गात एक जागा मोकळी होत होती. "त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना पाठवा," त्या म्हणाल्या. "मला तिला पुन्हा भेटायचंय. मलाच भेटायला हवं."

सर जवळजवळ धावतच परतले. कित्येक महिन्यांनी ते त्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. इस्त्रीवाला कोणाच्या तरी विजारीची धार काढीत होता. शाळेतून आलेली मुलगी पोत्यावर पाय पसरून काहीतरी रंगवीत होती. सरांनी निरोप सांगितला.

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर आनंद यायला निघाला होता, पण वाटेतच थांबला. त्याने मुलीकडे पाहिले, मग सरांकडे. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. ज्याच्याकडून शिकायचे त्याला जसे विचारावे, तसे त्याने विचारले.

"सर, आता तिला काय सांगून पाठवू? पडलं तर उचल म्हणू, की हात मागे धर म्हणू?"

मुलाने दारातून कसे यावे, बापाने केव्हा गप्प राहावे, आईने कुठे पाहावे, या साऱ्याची उत्तरे जन्मभर ज्यांच्या जिभेवर तयार असत, ते सर तसेच उभे राहिले. टेबलाखालच्या मुलीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. तीही उत्तराची वाट पाहात होती.

"बरं, राहू द्या, सर," थोड्या वेळाने इस्त्रीवालाच म्हणाला. "आहे त्या शाळेत मैत्रिणी झाल्यात तिच्या. रमलीय ती." आणि त्याने पुन्हा इस्त्री उचलली; ती गार झाली असती.

तो घडीचा पांढरा सदरा सरांच्या कपाटात अखेरपर्यंत तसाच होता. तो कधी त्यांनी अंगात घातला नाही.